घरातला सगळ्यात मोठा कोंबडा

तुळसानं नवस बोलताना कोंबड्याचं नाव घेतलं नव्हतं, एवढ्या एकाच गोष्टीवर काळुरामची सारी भिस्त होती.

गेल्या पावसाळ्यात काळुराम विषमज्वरानं असा आडवा झाला की ठाण्याच्या डॉक्टरनं हात टेकले आणि कोपरीतल्या बायका दारात येऊन डोळे पुसून जाऊ लागल्या. तेव्हा तुळसा गावदेवीपुढं पदर पसरून म्हणाली होती, "माज्या धन्याला उभा कर, घरातला सगल्यात मोटा कोंबरा तुला देईन." देवीनं आपलं काम चोख केलं. काळुराम उठला, भात जेवला, दिवाळीनंतर मिठागरावर जाऊ लागला. आता चैत्राची जत्रा जवळ येत चालली होती आणि घरातला सगळ्यात मोठा कोंबडा म्हणजे सुभेदार, याबद्दल कोपरीत दुमत नव्हतं.

दुमत असायला सुभेदाराला न पाहिलेला माणूस लागला असता. मानेवर सोनेरी झालर, छातीवर काळ्या मखमलीचा कोट, शेपटीला हिरवी-निळी कमान, आणि डोक्यावर तुरा असा की नवऱ्या मुलाचं बाशिंग त्याच्यापुढं उगीच बांधल्यासारखं वाटावं. तो चालत नसे, फेरी काढत असे. त्याची फेरी निघाली की आळीतली कुत्री काहीतरी आठवल्यासारखं करून दुसऱ्या बाजूला जात. एकदा एक घार पिलांवर झेपावली, तर सुभेदार जमिनीवरून उठला आणि वरच्या वर तिला भेटला. भेटीत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण घार पिसं टाकून गेली, आणि तेव्हापासून खाडीवरच्या घारी कोपरी टाळून कळव्यावरून वळसा घालतात असं लोक शपथेवर सांगत.

असला हा कोंबडा काळुरामनं तळहातावर वाढवला होता. अंड्यातून बाहेर आला त्याच दिवशी त्याच्या आईला मुंगसानं नेलं. बाकीची पिलं गेली. हे एक काळुरामनं फुटक्या मडक्यात भाताचं तूस घालून चुलीजवळ ठेवलं, तांदळाची कणी भिजवून बोटानं भरवली. मोठेपणी सुभेदार कुणाला अंगाला हात लावू देत नसे. काळुरामनं मात्र पंख धरून काखेत मारलं तरी गप्प राही. सकाळी काळुराम ओट्यावर चहा घेऊन बसला की शेजारी येऊन उभा राही आणि दोघं मिळून रस्त्याकडं बघत. असल्या वेळी तुळसालासुद्धा मध्ये बोलायला अवघड वाटे.

पण जत्रेचा विषय निघाला तेव्हा ती बोललीच.

"दुसरा देऊ ना एखादा," काळुराम म्हणाला. "तो पांढरा हाय, तो पन बरा हाय."

"देवीला काय बोलली मी? सगल्यात मोटा. पांढरा मोटा हाय का?"

"वाढंल की."

"तुमचा जीव मोटा का कोंबऱ्याचा?"

या प्रश्नाचं उत्तर माणसानं ताबडतोब द्यायला हवं. काळुराम विचारात पडला. तो इतका वेळ विचारात पडला की तुळसानं हातातलं सूप आपटलं आणि आत गेली.

त्याच आठवड्यात गावात कोंबडीसाहेब आले. त्यांचं खरं नाव सहदेवराव. माण तालुक्यातला माणूस, शिकून सरकारी खात्यात चिकटलेला. डोक्याला सोला हॅट, बुडाखाली सायकल. गावठी कोंबड्यांची जात सुधारावी म्हणून सरकार खेड्यापाड्यांतून विलायती जातीचे कोंबडे सांभाळायला देत होतं, आणि ते घ्या म्हणून विनवण्या करत फिरणं हे सहदेवरावांचं काम होतं. कुणी घेत नव्हतं. सरकारचा कोंबडा शिंकला तर जबाब द्यायला कचेरीत जावं लागेल, अशी लोकांची रास्त समजूत होती. साहेब देवळाच्या पारावर उभं राहून सांगत होते आणि लोक जांभया देत होते. एवढ्यात साहेब म्हणाले, "वजनाला म्हणाल, तर तुमच्या कोंबड्याच्या दीडपट भरतो."

काळुरामचा हात वर गेला.

पुढं साहेबांनी अटी सांगितल्या. कोंबडा कापायचा नाही, विकायचा नाही, परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही, आपण अधूनमधून पाहायला येऊ. काळुरामनं त्या ऐकल्या. पण मोठ्या आरतीची शेवटची कडवी माणूस जशी ऐकतो तशी, नुसती मान हलवत. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. घरात सुभेदारापेक्षा मोठा कोंबडा आला की सुभेदार सगळ्यात मोठा राहत नाही. देवीशी खोटं बोलावं लागत नाही, बायकोशी भांडावं लागत नाही, आणि सुभेदाराच्या मानेला सुरी लागत नाही.

विलायती कोंबडा सायकलच्या मागं पेटाऱ्यातून आला. गडद तांबडा, रुंद छातीचा, जाडजूड पायांचा. पेटाऱ्यातून उतरला तो पाहुणा गाडीतून उतरावा तसा. आळी गोळा झाली. तुळसानं त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"ह्यो कुनाचा?"

"आपला," काळुराम म्हणाला.

"मंग ह्यो मोटा. ह्योच देवीला."

वाद होईल म्हणून काळुराम तयारीत होता. वाद झालाच नाही म्हणून तो दिवसभर खुशीत होता. रात्री जेवताना त्याला अटी आठवल्या आणि घास तोंडातच राहिला. सुभेदार वाचला होता खरा. पण आता जत्रेच्या दिवशी भरगावात सरकारचा कोंबडा कापला जाणार होता, आणि तो कुणाच्या नावावर आहे हे साहेबांना पाठ होतं. तुळसाला हे सांगावं, तर ती म्हणणार, बरं, मग सुभेदार. म्हणून त्यानं सांगितलं नाही. जत्रेला अजून अवकाश होता, आणि अवकाश असला की माणसाला वाटतं, काहीतरी होईल.

झालं ते भलतंच झालं. विलायती पाहुण्याला खास खाणं होतं. मका भरडून, सुक्या मासळीची पूड घालून, दोन वेळा. ते साहेबांनी बजावलं होतं आणि काळुराम ते जिवापाड पाळत होता, कारण पाहुणा रोड झाला तर सगळ्यात मोठा राहणार नव्हता. तो परातीत खाणं घाली. पाहुणा चोच घाली. तेवढ्यात कुडाच्या कडेनं सुभेदाराची फेरी येई. सुभेदार मारत नसे, ओरडत नसे. तो नुसता परातीजवळ येऊन एक डोळा पाहुण्याकडं करून उभा राही. एवढ्यानं त्या जाडजूड विलायती पायांना मागं सरकायची आठवण होई. मग सुभेदार जेवे.

काळुरामनं पाहुण्याला डालग्याखाली कोंडून खाऊ घातलं, तर सुभेदार डालग्यावर चढून बसला आणि आतल्यानं अन्न सोडलं. सुभेदाराला परसात दोरीनं बांधलं, तर तो त्या दोरीसकट असा ताठ उभा राहिला, की रस्त्यानं जाणारी गोदूबाई थांबून म्हणाली, "काय गुन्हा केला रे त्यानं?" काळुरामनं शरमून दोरी सोडली.

फाल्गुन सरता सरता मका-मासळीनं आपला गुण दाखवला. सुभेदाराच्या पाठीवर ऊन पडलं की बघणाऱ्याचे डोळे मिटत. पाहुणा अंगानं होता तसाच होता, पण मनानं खचल्यासारखा दिसे. एका सकाळी तुळसा दोघांकडं टक लावून म्हणाली, "मना तर सुभेदारच मोटा दिसतो."

"वजन करू," काळुराम घाईनं म्हणाला.

मिठागरावरचा काटा आणला. काट्यात बसायला सुभेदार तयार नव्हता, काळुरामनं काखेत घेऊन कानात काहीतरी सांगितलं तेव्हा बसला. पाहुणा थोडका का होईना, पण जास्त भरला. काळुरामनं मोठा श्वास सोडला.

"देवीला काय मीट मोजून द्यायचा हाय?" तुळसा म्हणाली. "मोटा म्हंजे दिसायला मोटा. उभं करा दोगांना."

उभं केलं. उंचीला सुभेदार वर निघाला. काळुराम म्हणाला, तुरा धरायचा नाही. तुळसा म्हणाली, का धरायचा नाही, तुरा काय उसना आणलाय? एव्हाना कुडाभोवती माणसं जमली होती. गोदूबाईनं निवाडा दिला की माणसाची उंची कुणी पागोट्यासकट मोजत नाही, तेव्हा तुरा वगळा. त्यावर कुणीतरी म्हणालं की पागोटं काढता येतं, तुरा काढून दाखवा. तो काढून दाखवायला कुणी पुढं झालं नाही, कारण सुभेदार ऐकत होता.

शेवटी प्रकरण नाथा भगताकडं गेलं. गावदेवीची पूजाअर्चा त्याच्याकडं होती आणि त्याच्याकडं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं. "दोगांना आना. पानी घालू. देवी सांगंल."

म्हणजे रीतच होती तशी. नवसाचा कोंबडा देवीपुढं उभा करायचा, कुंकू-अक्षता लावायच्या आणि डोक्यावर पाणी शिंपायचं. कोंबड्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला. नाही झाडलं तर देवीची मर्जी नाही, कोंबडा परत न्यायचा. आता पाणी पडल्यावर अंग झाडणार नाही असा कोंबडा आजवर कोपरीत जन्मला नव्हता, त्यामुळं देवीची मर्जी नाही असंही आजवर कधी झालं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी देवळापुढं माणूस मावत नव्हतं. काळुराम सुभेदाराला काखेत घेऊन आला, तुळसानं पाहुण्याला डालग्यातून आणलं. काळुरामच्या मनात हिशेब साधा होता: दोघंही झाडतील, दोघांनाही देवीनं घेतलं असं ठरेल आणि दोघंही जातील. हा हिशेब त्याला देवळाच्या पायरीवर सुचला, त्याआधी सुचला नव्हता.

आधी पाहुण्याचा मान. नाथा भगतानं कुंकू लावलं, तांब्यातून चार थेंब शिंपले. पाहुण्यानं असं अंग झाडलं की भगताचं धोतर, समोरचा दिवा आणि पहिल्या रांगेतल्या बायका भिजल्या. "घेतला, घेतला," असं सगळीकडं झालं. नाथानं सुरीकडं हात नेला.

तेवढ्यात गर्दीतून सोला हॅट वर आली. सहदेवराव कोंबडा पाहायला म्हणून घरी गेले होते. घराला कडी दिसली म्हणून विचारत विचारत देवळात आले होते.

"थांबा," ते म्हणाले. "हा कोंबडा कापता येणार नाही. हा सरकारचा आहे."

"देवीनं घेतला, साहेब," नाथा म्हणाला. "सगल्यांनी बगितलं."

"देवीनं घेतला असेल. सरकारनं दिलेला नाही."

तुळसानं सावकाश मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी तर बोललेले आपला हाय."

"सांभालायला आपला," काळुराम जमिनीकडं बघत म्हणाला. "कापायला सरकारचा."

तुळसाच्या त्या नजरेत काळुरामचं पुढचं सगळं आयुष्य त्याला दिसलं. त्याचं तोंड पाहून साहेबांना दया आली असावी. त्यांना मदत करायची होती. म्हणून ते तुळसाला म्हणाले, "बाई, एवढं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडं दुसरा आहे की. तो तर याच्याहून देखणा आहे."

सुभेदाराला काखेतून खाली उतरवताना काळुरामचे हात सुटत नव्हते. तुळसानं ते एकेक बोट करून सोडवले. सुभेदार देवीपुढं उभा राहिला. त्यानं देवीकडं पाहिलं, मग गर्दीकडं पाहिलं. गर्दीतल्या पुष्कळांनी नजर खाली केली.

काळुरामनं डोळे मिटून देवीचा धावा सुरू केला. अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण देवीविरुद्धची तक्रार देवीकडंच करतो आहोत. मग त्यानं मनातल्या मनात तोंड वळवलं आणि थेट सुभेदारालाच विनवू लागला: झाडू नको. बाबा, एवढं एक ऐक. झाडू नको.

नाथानं थेंब शिंपले.

सुभेदार उभा होता.

नाथानं आणखी शिंपले. तुऱ्यावरून एक थेंब चोचीवर आला, चोचीच्या टोकावर थोडा थांबला आणि खाली पडला. सुभेदार हलला नाही. नाथानं तांब्या पालथा केला. पाणी मानेच्या सोनेरी झालरीतून ओघळलं, काळ्या छातीवरून निथळलं, पायांखाली थारोळं झालं. त्यात सुभेदार उभा होता, दगडी बांधकामाचा असल्यासारखा.

"कलशी आन," नाथा हलक्या आवाजात म्हणाला. कलशी आली. विहिरीचं गार पाणी होतं ते. धार डोक्यावर धरली तेव्हा सुभेदारानं एक डोळा मिटला आणि सगळ्या देवळानं श्वास रोखला. मग त्यानं तो डोळा उघडला, आणि त्या डोळ्यात असं काही होतं की नाथानं कलशी आपोआप खाली ठेवली.

सहदेवरावांनी हॅट काढून हातात घेतली होती. "पाणी पडलं की पक्ष्यानं अंग झाडायचंच असतं," ते शेजारच्याला म्हणाले. "हा निसर्गाचा नियम आहे. झाडेल. झाडायलाच पाहिजे." थोड्या वेळानं ते स्वतःशीच पुटपुटले, "आमच्या मुलखात असं कधी ऐकलं नाही," आणि हॅट छातीशी धरून उभे राहिले.

मागच्या रांगेतली म्हातारी माणसं एकेक करून खाली बसली. पिपाण्या विकणारा पिपाणी वाजवायची थांबला. ऊन चढत गेलं आणि त्या उन्हात सुभेदार पिसांच्या टोकांपासून सावकाश वाळू लागला. पाणी वाफ होऊन त्याच्या अंगावरून उठत होतं. काळा, सोनेरी, हिरवा, सगळे रंग आधी होते त्याहून जास्त उजळून परत येत होते. त्यानं अंग का झाडलं नाही, हे कोपरीत आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. सांगायचा प्रयत्नही कुणी करत नाही.

पुरता वाळल्यावर त्यानं मान वर करून एकदाच बांग दिली. पाहुणा तुळसाच्या डालग्यात शिरून बसला.

"देवीला नको," नाथा भगत म्हणाला. "जो घेतला तो इलायती. कापायचा नाय तर जिता सोडा देवीच्या नावानं. नवस फिटला."

सगळे साहेबांकडं बघू लागले. कापायचा नाही, ही अट पाळली जात होती. विकायचा नाही, हीही. परस्पर दुसऱ्याला द्यायचा नाही, इथं साहेब अडखळले. त्यांनी एकदा देवीकडं पाहिलं, एकदा सुभेदाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "देवी म्हणजे काही दुसरी कुणी नव्हे." सरकारी कोंबडा देवीचा झाला. पुढं तो देवळाच्या आवारात खोबरं खाऊन सुखानं राहिला, आणि देवीचा म्हणून कुठल्याही परसात गेला तरी त्याला कुणी हुसकलं नाही. त्यामुळं वर्षभरात कोपरीभर तांबडी पिलं झाली आणि ठाणे जिल्ह्यात सर्वांत यशस्वी काम केल्याबद्दल सहदेवरावांची वाहवा झाली. पण ते नंतरचं.

त्या दिवशी सुभेदार पायऱ्या उतरला तेव्हा गर्दी आपोआप दुभंगली. त्यानं मध्यभागातून फेरी काढली. एका म्हाताऱ्यानं त्याच्या पायाखालच्या ओल्या मातीला बोट लावून ते कपाळाला लावलं. काळुराम मागून धावला, डोळ्यांत पाणी, दोन्ही हात पुढं. त्याला सुभेदाराला काखेत मारून घरी न्यायचं होतं.

"हात नका लावू," तुळसा म्हणाली.

"का?"

"देवीनं मागितला तरी आला नाय तो. तुमी काय लावताव हात? न आंगोल, न काय."

काळुराम घरापर्यंत त्याच्या मागून चालत गेला.

त्यानंतर सुभेदार खुराड्यात झोपला नाही. तुळसानं माजघरातली आढ्याखालची जागा सारवून त्याला दिली. तिथं पूर्वी काळुरामची बाज होती. सकाळी पहिला भात सुभेदाराचा, मग माणसांचा. काळुराम आंघोळ केल्याखेरीज त्याला शिवू शकत नसे, आणि आंघोळ करून येईपर्यंत चहा गार होई. ओट्यावर अजूनही दोघं बसत. फक्त आता सुभेदार वर असे आणि काळुराम पायरीवर. साहेब सायकलवरून जाताना त्या घरापुढं उतरत, हॅट काढत आणि पुढं जाऊन परत सायकलवर बसत. तुळसा नवऱ्याशी पूर्वीपेक्षा गोड बोले. कारण शेवटी सुभेदाराला बोटानं कणी भरवणारा माणूस तो होता, आणि तेवढा मान त्याला देणं भाग होतं. काळुरामला वाईट वाटत होतं असं नाही. सुभेदार जिवंत होता, डोळ्यांपुढं होता. फक्त कधी कधी त्याला वाटे, एकदा नुसता काखेत घ्यावा.

ज्येष्ठ लागता लागता एक दिवस दुपारी गोदूबाई आली. हातात नारळ. तिची म्हैस दूध देईना झाली होती. तिनं ओट्याच्या खाली चपला काढल्या, सुभेदारापुढं नारळ ठेवला, पदर पसरला आणि तोंडातल्या तोंडात बराच वेळ काही बोलली. मग उठून पायरीवर बसलेल्या काळुरामला तिनं बाजूला घेतलं.

"नवस बोलले मी," ती म्हणाली. "म्हस दूद देऊ लागली तर देईन. पन एक विचारायचं ऱ्हायलं. सुभेदाराला कोंबरा चालतो ना?"

काळुरामनं वर पाहिलं. सुभेदार रस्त्याकडं बघत होता.

"विचारून सांगतो," काळुराम म्हणाला, आणि आंघोळीला गेला.